माजघरातला पब



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहीजणी रेडिओ बंद करायला उठतील, याची आम्हाला कल्पना आहे. विषय आहे इंग्लंडच्या खेड्यातला पब. पब म्हणजे शेवटी दारू विकायची जागा. आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांनी 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानासाठी उन्हातान्हात रांगा लावल्या. त्यांच्यापुढे पबचं कौतुक गायला आम्ही बसलेलो नाही. पण हा धंदा मुळात बायकांच्या चुलीवरचा. तो त्यांच्या हातून कसा गेला, आणि जिथे तो जुन्या रूपात टिकला तिथे दाराशी बहुधा एखादी म्हातारी बाईच का बसलेली सापडते, एवढं सांगायचं आहे. ऐकून घ्या, मग हवं तर भांडा.

आम्ही दोघी जावा. गेल्या उन्हाळ्यात थोरलीच्या मुलाकडे रेडिंगला राहिलो होतो. रेडिंग हे लंडनच्या पश्चिमेचं शहर, नोकरीसाठी गेलेली मराठी घरं तिथे पुष्कळ. एका रविवारी तो म्हणाला, "आई, काकू, चला, जुनं इंग्लंड दाखवतो." आम्हाला वाटलं किल्ला असेल, नाहीतर चर्च. त्याने नेलं बर्कशायरच्या टेकड्यांवरच्या ऑल्डवर्थ नावाच्या लहानशा गावात, आणि गाडी थांबवली 'बेल इन'समोर. समोर गावची जुनी विहीर, तिच्यावर छप्पर. तीनशे पासष्ट फूट खोल आहे म्हणतात. खडूच्या दगडाची टेकडी, पाणी फार खाली. विहीर पाहून आम्ही दोघी आधी तिथेच रेंगाळलो, कारण एवढ्या खोलातून पाणी शेंदणाऱ्या बायकांचे दंड कसे असतील, हा विचार पबच्या आधी आला.

आत शिरायचं तर मान वाकवावी लागते. लाल फरशी, काळपट तुळया, घासून घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं, भिंतीला लागून बाकं. एकच काटा असलेलं उंच घड्याळ. आम्ही काउंटर शोधत होतो. सिनेमात दिसतो तसा लांबलचक काउंटर, मागे बाटल्यांची रांग, उंच स्टुलं, यातलं काहीच नव्हतं. भिंतीत एक खिडकी होती, काचेची सरकती झडप असलेली. तिच्यापाशी जायचं, मागायचं, पैसे द्यायचे, पेला उचलायचा. रेशनच्या दुकानाची खिडकी डोळ्यांपुढे आणा, फक्त माणसं हसतमुख. खायला गरम पाव, आत चीज नाहीतर मांस भरलेलं, आणि पातळ सूप. आम्ही सूप आणि चीजचे पाव घेतले. पुरुषांचं स्वच्छतागृह अंगणात. हे घर एकाच कुटुंबाकडे सुमारे अडीचशे वर्षं आहे. म्हणजे शनिवारवाड्यात पेशवे नांदत होते, तेव्हापासून.

२०१९ साली या बेल इनला देशातला सर्वांत चांगला पब म्हणून मान मिळाला. तो देणारी संस्था बिअर पिणाऱ्या सामान्य लोकांनी १९७१ साली काढलेली, तिचं नाव 'कामरा'. चांगला का, तर इथे काही बदललेलं नाही म्हणून. आम्हाला याची गंमत वाटली. न बदलण्याबद्दल बक्षीस! आपल्याकडे जुनी चूल ठेवली तर सून नाक मुरडते.

पण 'काही बदललेलं नाही' या शब्दांच्या मागे मोठी गोष्ट आहे, आणि ती समजायला सातशे वर्षं मागे जावं लागतं.

पब हा शब्दच 'पब्लिक हाउस'चा अर्धा तुकडा. लोकांना खुलं असलेलं घर. आधी घर, मग खुलं. इंग्लंडच्या खेड्यात तेराव्या-चौदाव्या शतकात घरोघर जवाची फिकी दारू व्हायची, तिला म्हणत एल. करायची पद्धत आपल्याला लगेच कळेल, कारण अर्धी कृती नाचणीच्या सत्त्वाचीच आहे. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. ते भरड गरम पाण्यात मुरवायचं, गोडसर पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात आधीच्या खेपेचं विरजण घालायचं. दोन-तीन दिवसांत पेय तयार. ते रोजचं पेय होतं, जेवणाबरोबरचं, मुलाबाळांचंही. आणि ते करायचं काम बायकांचं, जसं दूध तापवणं, भाकरी थापणं, तसंच.

आता यातली मेख ऐका. ही एल टिकायची नाही. चार-सहा दिवसांत आंबट होऊन जायची. त्यामुळे एका घराने घागर दोन घागरी जास्त केली की शेजारीपाजारी विकावीच लागे. पुढच्या आठवड्यात दुसरीचा नंबर. जिच्याकडे ताजी असेल ती दाराबाहेर एक काठी लावायची, काठीच्या टोकाला झुडपाची फांदी बांधायची. फांदी दिसली की माणसं मडकी घेऊन यायची, किंवा तिथेच बाकावर बसायची. पबच्या दारावरच्या रंगीत पाट्यांची आजी ती ही फांदी.

गावात एक तपासनीस असायचा, तो येऊन चव घ्यायचा. १२६६ च्या सुमारास राजाने एल आणि पाव यांच्या भावाचा, मापाचा कायदा केला होता. तो मोडला की दंड. आणि दंड जवळजवळ प्रत्येकीलाच व्हायचा, म्हणजे दंड कसला, ती परवान्याची फीच. त्या दंडाच्या नोंदींमुळेच आपल्याला या बायका माहीत आहेत. ज्युडिथ बेनेट नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी अशा गावोगावच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळल्या आणि १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की १३०० साली एल करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या, १६०० साली बहुतेक पुरुष. काही गावांत तर बायकोने एल केली तरी दंडाच्या वहीत नाव नवऱ्याचं. सात-बारा पाहिलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको.

इंग्रजीत 'ब्रूअर' म्हणजे ही दारू करणारा, आणि 'ब्रूस्टर' म्हणजे करणारी. 'स्पिन्स्टर' हा शब्दही तसाच, मुळात सूत कातणारी. पुढे त्याचा अर्थ झाला लग्न न झालेली. कातणारी आणि बिनलग्नाची हे दोन अर्थ एकाच शब्दात का आले, हे ज्याचं त्याने ओळखावं.

तर तीनशे वर्षांत हा धंदा बायकांच्या हातून गेला कसा? कोणी एका दिवसात हिसकावून घेतला नाही. १३४८-४९ मध्ये प्लेगची मोठी साथ आली, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. जे वाचले त्यांची मजुरी वाढली, पिणं वाढलं, आणि थोडं थोडं करण्यापेक्षा सतत, मोठ्या प्रमाणावर करणाऱ्याला फायदा होऊ लागला. मग समुद्रापलीकडून, आजच्या हॉलंड-बेल्जियमकडून, हॉप्स आले. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट फुलं. ती घातली की पेय टिकतं, आठवडे, महिने. या टिकणाऱ्या पेयाला म्हणतात बिअर. आता टिकतं म्हटल्यावर पिंपं भरून लांब पाठवता येतं, जहाजांना आणि सैन्याला पुरवता येतं. पण त्यासाठी मोठी भांडी लागतात, जास्त जळण लागतं, उधारी लागते, करार लागतात. आणि इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेली बाई स्वतःच्या नावाने करार करू शकत नव्हती, कर्ज घेऊ शकत नव्हती. शहरात धंदेवाल्यांचे संघ झाले, ते पुरुषांचे. बाईची विद्या होती तिथेच राहिली, भांडवल दुसरीकडे गेलं.

इथे एक बाजूची गोष्ट. हल्ली मोबाईलवर एक मजकूर फिरतो की चेटकिणीची टोकदार टोपी, झाडू, मांजर आणि कढई हे सगळं या एल करणाऱ्या बायकांचं होतं, आणि त्यांचा धंदा बळकावण्यासाठी त्यांना चेटकीण ठरवून जाळलं. ऐकायला झणझणीत आहे. पण याला पुरावा नाही. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत. आणि टोकदार टोपीची चित्रं फार नंतरची. चित्रांत, नाटकांत एलवालीची बदनामी मात्र खरोखर झाली: कमी माप देणारी, पाणी घालणारी, पुरुषांना नादी लावणारी. कमी माप पुरुषही देत असणार, पण गोष्टींत नाव व्हायचं तिचं.

मग बायकांकडे उरलं काय? किरकोळ विक्री. पेय मोठ्या कारखान्यातून आणायचं आणि घरात बसून विकायचं. १५५२ साली त्यालाही परवाना लागू झाला, आणि तो देणारे गावचे जमीनदार न्यायाधीश. हे लोक गरीब विधवेला परवाना द्यायला तयार असत, त्यामागे हिशेब होता. ती चार पैसे कमावती झाली तर गावाच्या मदतनिधीवर तिचा भार पडणार नाही. आपल्याकडे नवरा गेलेल्या कितीजणींनी चार डबे करून, खाणावळ घालून पोरं वाढवली! पोटासाठी बाई विकते काय, तर जे तिला रोज करावंच लागतं ते.

आता ज्या प्रकारच्या पबसाठी आज आम्ही बोलायला बसलो, त्याचं खरं जन्मवर्ष १८३०. त्या साली पार्लमेंटने बिअरहाउसचा कायदा केला. सरकारला वाटत होतं की लोक जिन नावाची कडक दारू पिऊन बरबाद होताहेत, त्यापेक्षा बिअर बरी. शिवाय मोठ्या दारू कारखानदारांची मक्तेदारी मोडायची होती. म्हणून ठरलं की घरपट्टी भरणाऱ्या कोणीही वर्षाला दोन गिनी भराव्यात आणि आपल्या घरात बिअर विकावी. न्यायाधीशाकडे जायला नको. सहा महिन्यांत चोवीस हजारांच्या आसपास लोकांनी परवाने घेतले, आणि आठ वर्षांत आकडा सेहेचाळीस हजारांवर गेला. शेतमजुराची झोपडी, लोहाराचं घर, सुताराची ओसरी, कुठेही पब. पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली, मागच्या खोलीत पिंप ठेवलं, झालं. नवरा शेतावर किंवा भट्टीवर, आणि पेले भरणारी घरची बाई. काउंटर कशाला हवा? काउंटर ही शहरातल्या चकचकीत जिनच्या दुकानांची देणगी. खेड्यातल्या बाईने पेला स्वयंपाकघरात भरला आणि हातात आणून दिला, जसं आपण पाहुण्याला पाणी देतो.

याचे परिणाम सगळे चांगले झाले असं अजिबात नाही. घरोघर बिअर झाल्यावर आठवड्याची मजुरी शनिवारी रात्रीच संपू लागली, आणि मार खाणाऱ्या बायका सगळीकडे सारख्याच. १८६९ साली सरकारला परवाने पुन्हा न्यायाधीशांकडे द्यावे लागले. १८७६ साली बायकांनी दारूबंदीसाठी स्वतःची देशव्यापी संघटना काढली, ब्रिटिश विमेन्स टेंपरन्स असोसिएशन. पुढे तिच्या अध्यक्ष झालेल्या कार्लाइलच्या काउंटेस रोझलिंड हॉवर्ड यांनी आपल्या जहागिरीतले पब सरळ बंद करून टाकले. त्यांच्या हातात जमीन होती, त्यांना मतदानाची गरज पडली नाही. ज्या मजुराच्या बायकोकडे जमीन नव्हती ती मात्र पबच्या बाहेर लेकरू कडेवर घेऊन उभी असायची. म्हणजे एकाच गावात पबच्या आत बसून पोट भरणारी बाई, आणि बाहेर उभी राहून तोच पब बंद व्हावा म्हणून प्रार्थना करणारी बाई. आम्ही दोघींनी यावर बराच वाद घातला. थोरली म्हणते बाहेरची खरी. धाकटी म्हणते दोघी खऱ्या.

आणि गिऱ्हाईक म्हणून बाईचं काय? पेले भरायला बाई चालते, पण पेला घेऊन बसायला चालत नाही. शहरांतल्या पबमध्ये वर्ग पडले. एक खोली कष्टकरी पुरुषांची, तिथे बाईने पाय ठेवायचा नाही. एक जरा बरी खोली, गाद्यांची, दोन पैसे महाग, तिथे नवऱ्याबरोबर आलेली चालते. एक कोपरा आडोशाचा. आणि बाहेरच्या बाजूला एक खिडकी, जिथून बायका-मुलं जग भरून घरी न्यायची. मुलांना बिअर आणायला पाठवायची रीत इतकी होती की १९०१ साली त्यावर कायदा करावा लागला, आणि १९०८ साली चौदा वर्षांखालच्या मुलांना पिण्याच्या खोलीतच मनाई झाली. वर्तमानपत्रवाल्यांच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाची जागा होती. तिथे बायकांनी काउंटरपाशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, असा नियम. टेस गिल या वकीलबाई आणि ॲना कूट या पत्रकारबाई कोर्टात गेल्या. समानतेचा कायदा १९७५ सालीच झाला होता, तरी निकाल लागायला १९८२ उजाडलं. १९८२! भारतात इंदिराबाई तेव्हा पंतप्रधान होत्या आणि इंग्लंडमध्ये थॅचरबाई.

आता त्या म्हाताऱ्यांकडे वळू, कारण खरी गोष्ट त्यांची.

वेल्सच्या सीमेजवळ हेरफर्डशायर परगण्यात लेंटवर्डाइन नावाचं गाव आहे. तिथल्या 'सन इन'मध्ये १९१४ साली फ्लॉसी लेन जन्मली. आईवडील गेल्यावर १९३५ पासून तिने आणि भावाने पब चालवला. पुढे भाऊही गेला, ती चालवत राहिली. २००९ साली वारली तेव्हा ती ९४ वर्षांची होती, आणि पब चालवून चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. पिंपं तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर. गिऱ्हाइकांनी आत जायचं, स्वतः पेला भरायचा, पैसे बरण्यांमध्ये टाकायचे. गल्ला नाही, काउंटर नाही. तिच्याकडे कडक दारूचा परवाना कधीच नव्हता, फक्त बिअरचा. म्हणजे १८३० च्या कायद्याने जन्मलेल्या घराचं जे रूप, तेच एकविसाव्या शतकात जिवंत. ती खुर्चीत बसून गप्पा मारायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी गमतीने आपलं एक नगरमंडळ काढलं होतं आणि ते आपला महापौरसुद्धा निवडायचे.

दुसरी डेव्हन परगण्यातली, डार्टमूरच्या माळाच्या कडेला ड्रूस्टेन्टन गावातली मेबल मज. तिथल्या 'ड्रू आर्म्स'मध्ये ती १९१९ साली आली आणि १९९४ साली निवृत्त झाली, तेव्हा वय ९९. पंचाहत्तर वर्षं! सगळा गाव तिला मेबल मावशी म्हणायचा, त्यांच्या भाषेत आंटी मेबल. तिच्याकडेही काउंटर नाही, पिंपातून थेट पेल्यात.

तिसरी वूस्टरशायरच्या ब्रेटफर्टन गावची लोला टॅप्लिन. तिचं 'फ्लीस इन' हे मूळचं शेतकऱ्याचं लांबट घर. पंधराव्या शतकापासून तिच्याच घराण्यात, आणि १८४८ पासून पब. लोलाला मूलबाळ नव्हतं. १९७७ साली ती गेली, तिथेच, आपल्या घरात, आणि घर मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलेलं निघालं. पब म्हणूनच चालू राहावा आणि त्यात बटाट्याचे वेफर्स विकू नयेत, अशी तिची इच्छा होती असं तिथे सांगतात. चुलीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली असत, धुराड्यातून वाईट शक्ती उतरू नये म्हणून. आपण उंबऱ्यावर रांगोळी काढतो, ती लगेच आठवली. २००४ साली छपराला आग लागून घर फार जळलं. ट्रस्टने पुन्हा उभं केलं.

या तिघींमुळे पब बदलले नाहीत, असं म्हणतात. आम्हाला विचाराल तर हे जरा उलटून पाहावं लागतं. विसाव्या शतकात इंग्लंडमधले बहुतेक पब मोठ्या बिअर कंपन्यांच्या मालकीचे झाले होते. १९६० नंतर या कंपन्यांनी भिंती पाडल्या, लहान खोल्यांची एक मोठी खोली केली, कारण एका नोकराला सगळीकडे लक्ष ठेवता यावं. गालिचे आले, गाणी वाजवणारी यंत्रं आली. ज्या बाईच्या मागे कंपनीचा तगादा नव्हता, किंवा असला तरी तिने तो मानला नाही, तिच्या घराला नूतनीकरणाची गरज नव्हती. तिचा खर्च थोडा, हौस थोडी, आणि राहायला दुसरं घर नाही. गिऱ्हाईक वाढवायचं नव्हतं, आहे ते पुरे होतं. व्यापाराच्या भाषेत याला मागासलेपण म्हणतील. म्हणोत.

पण याची दुसरी बाजूही आहे, ती पर्यटकांच्या पुस्तकात लिहिलेली नसते. फ्लॉसी ज्या घरात जन्मली त्याच घरात सारं आयुष्य राहिली. लग्न केलं नाही. दार लोकांना खुलं म्हणजे तिला सुट्टी नाही. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी येणारच, त्याच्याशी बोलायचं, त्याचं ऐकायचं, म्हातारपणी गुडघे धरले तरी. किराणा दुकान घरातच असलेल्या आपल्या मैत्रिणींना विचारा, जेवता जेवता किती वेळा उठावं लागतं ते. गिऱ्हाइकांनी स्वतः पेला भरून घ्यायची पद्धत फार मोकळीढाकळी वाटते, पण नव्वदीच्या बाईला पिंपापर्यंत जाता येत नाही, हेही त्यामागे असणारच. आणि त्याच गिऱ्हाइकांनी तिला सांभाळलं, हेही तितकंच खरं. संध्याकाळी कोणी आलं नाही असा दिवस तिच्या आयुष्यात क्वचित गेला असेल. एकटीने म्हातारं व्हायचं तर ही सोय वाईट नव्हती, असं धाकटीला वाटतं. थोरली यावर गप्प राहिली.

अशी बाई गेली की पबही जातो. हा नियमच म्हणा. वारस घर विकतात, घेणारा तिथे राहायला येतो, बाकं काढून सोफा टाकतो. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ६०,००० हून जास्त पब होते, आता ४५,००० च्या आसपास उरलेत. बंद होण्याची कारणं अनेक: दुकानातली स्वस्त बिअर, २००७ पासूनची धूम्रपानबंदी, गाडी चालवताना पिण्यावरचे कडक नियम, आणि खेड्यातली घरं शहरातल्या पैसेवाल्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवल्यामुळे रोजचं माणूसच नाही. काही ठिकाणी गावाने वर्गणी काढून पब विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ साली 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर घेतला, ब्रिटनमधला तसा पहिलाच. सभासद, भाग, वार्षिक सभा, सगळं आपल्या दूध सोसायटीसारखं. २०११ च्या एका कायद्याने गावाला असाही हक्क दिला की एखादी जागा गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदवून ठेवायची. मग ती विकायला निघाली की गावाला पैसे जमवायला काही महिन्यांची मुदत मिळते.

फ्लॉसीच्या वेळी हा कायदा नव्हता. ती गेल्यावर 'सन इन'चं घर होणार अशी धास्ती पडली. गावकरी आणि कामराचे लोक धावले, आणि एका स्थानिक माणसाने एका बिअर कारखानदाराबरोबर तो विकत घेतला. मागच्या बाजूला नवी मोठी खोली बांधली, तिथे आता काउंटर आहे, कारण बरण्यांत पैसे टाकण्यावर आजचा हिशेब चालत नाही. पुढच्या दोन खोल्या ठेवल्या आहेत तशाच, विटांची जमीन, भिंतीलगतची बाकं. शेजारी तळलेल्या मासे-बटाट्यांचं दुकान आहे. तिथून कागदात बांधून आणलेलं खाणं आत बसून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही.